मूर्तीमागचं गाव

नाथद्वाऱ्यात चहावाल्याला उदयपूरची बस कधी सुटते असं विचारलं, तर तो आधी राजभोग झाला का ते बघतो. दर्शन उघडलं की गल्ल्या भरून वाहतात, पडदा पडला की तोच लोंढा बाजाराकडे वळतो, आणि पुढचं दर्शन उघडलं की पुन्हा टेरा, म्हणजे तो पडदा, पडेपर्यंत दुकानदाराला श्वास घ्यायला मिळतो. मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग, उत्थापन, भोग, संध्या आरती, शयन. दिवसातून आठ वेळा हा प्रकार चालतो. त्यातही शयनाचं दर्शन वर्षभर उघडं नसतं. ते बंद असतं त्या दिवसांत श्रीजी, म्हणजे इथले श्रीनाथजी, रात्री व्रजात असतात, असं तिथे अगदी सहज सांगतात, शेजारचा मुलगा मामाकडे गेलाय म्हणावं तसं.

संपादकांनी पाठवताना बजावलं होतं, ‘तीर्थक्षेत्राचं माहात्म्य नको, बाजार बघून ये.’ इथे ही दोन खाती वेगळी काढता येत नाहीत. उदयपूरच्या उत्तरेला सुमारे 48 किलोमीटरवर बनास नदीकाठी वसलेलं हे गाव 2011च्या जनगणनेत जेमतेम 42 हजार वस्तीचं होतं. ते वसलंच मुळी एका रहिवाशासाठी. पुष्टिमार्गातले श्रीनाथजी, म्हणजे डावा हात उंचावून गोवर्धन पेललेला बाळकृष्ण. लहान मुलाला जसं उठवायचं, न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, निजवायचं, तशी त्यांची सेवा. मंदिराला शिखर नाही. ती नंदाघरची हवेली, गाभाऱ्यावर खापरीचं छप्पर, वर सुदर्शन चक्र आणि सात ध्वजा.

इतिहास थोडक्यात असा. औरंगजेबाच्या काळात, 1669मध्ये मूर्ती गोवर्धनाहून हलली, दोनेक वर्षं गावोगाव फिरली. मेवाडचे महाराणा राजसिंह यांनी आसरा दिला. सिहाड गावाजवळ गाड्याचं चाक रुतलं, म्हणजे देवाला इथेच राहायचंय, असा कौल मानून 1672मध्ये स्थापना झाली. चाक रुतण्याच्या कथा देशभर आहेत. मला त्यापेक्षा दुसरी, मराठी माणसाला जरा अवघडवणारी हकिगत जास्त खरी वाटते. 1802मध्ये यशवंतराव होळकर इंदूरला शिंद्यांकडून हरून मेवाडात उतरले. त्यांच्या भीतीने श्रीनाथजींना नाथद्वारा सोडून उदयपूरला न्यावं लागलं, पुढे डोंगरातल्या घसियारला. मंदिराच्या गोसाव्यांकडून होळकरांनी खंडणी उकळली. काही वर्षांनी मूर्ती परतली. मुघलांपासून वाचवलेला देव मराठ्यांपासूनही लपवावा लागला, हे नाथद्वाऱ्यात कुणी तोंडावर म्हणत नाही. ‘महाराष्ट्रातून आलात? विठ्ठलनाथजींचं दर्शन घेतलं का?’ एवढंच विचारतात. तेही नातं जुनं आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाने पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्यांना संसार मांडायला सांगितलं आणि म्हणून त्यांनी मुलाचं नाव विठ्ठलनाथ ठेवलं, अशी संप्रदायाची श्रद्धा. आज दिसणाऱ्या सेवेचा थाट, म्हणजे राग, भोग आणि शृंगार, बांधून दिला तो याच विठ्ठलनाथांनी.

भोगाचा पसारा बघायला हवा. दूधघर, फूलघर, पानघर, शाकघर, मिश्रीघर, अशी एकेका जिनसेची स्वतंत्र खोली. केशर-कस्तुरी वाटायला सोन्याचांदीची जाती. तूप साठवायला तर विहिरी आहेत. दिवाळीनंतरच्या अन्नकूटाला भाताचा डोंगर रचतात आणि रात्री आसपासचे भिल्ल तो लुटून नेतात, तो त्यांचा हक्कच. पण मी रेंगाळलो ते या डोंगराच्या रोजच्या आवृत्तीपाशी. देवाने खाल्लेलं जातं कुठे? तर सेवेकऱ्यांना त्यांच्या कामाच्या मोबदल्यात प्रसादाचा वाटा मिळतो, आणि घरात खाऊन उरलेला तो बाहेर विकतात. मठडी, ठोर, मोहनथाळ, पानांच्या द्रोणातला भात. बाजाराचा पाया हा. पगाराचा एक भाग रोज सकाळी ताजा शिजतो आणि संध्याकाळच्या आत विकला नाही तर शिळा होतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात असा पगार मी वाचलेला नाही.

या सगळ्याचा मालक कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिलकायत म्हणजे गादीवरचे महाराज म्हणत, हवेली आमची खाजगी. उदयपूर दरबाराने 1934च्या फर्मानात त्यांना केवळ रखवालदार आणि विश्वस्त ठरवलं होतं. पुढे राजस्थान सरकारने 1959मध्ये कायदा करून कारभार मंडळाकडे दिला. 1963मध्ये न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालाने हे मंदिर सार्वजनिक ठरलं आणि कायदा मुख्यत्वे टिकला. सेवा महाराजांकडे, हिशेब मंडळाकडे.

आता पिछवाई. मूर्तीमागे टांगायचा कापडी पडदा, ऋतू आणि उत्सवानुसार बदलणारा. शरद पौर्णिमेला रासाचा, गोपाष्टमीला गायींचा, उन्हाळ्यात कमळतळ्याचा. आत फोटो काढायला मनाई, त्यामुळे यात्रेकरूला घरी न्यायला चित्र लागतं, आणि चित्र काढायला चित्रकारांची अख्खी गल्ली. अशा एका घराच्या ओसरीवर मी बसलो होतो. चित्रकार साठीचे. पुढे खळ लावून ताणलेलं सुती कापड. खाका म्हणजे टोचे मारलेला कागद, तो कापडावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांतून गाय उमटते. मग हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू. रंग सुकला की कापड पालथं घालून अकीकाच्या घोट्याने घासायचं. सोन्याचा वर्ख डिंकात बोटाने मळून त्याची शाई करायची. हे मळणं एवढं संथ होतं की मी दोनदा घड्याळ बघितलं. त्यांनी ते पाहिलं असावं. ‘हुकम, घाई केली तर सोनं काळं पडतं,’ म्हणाले आणि बोट फिरवत राहिले. श्रीजींचे डोळे सर्वांत शेवटी. घरात डोळे फक्त तेच काढतात.

या गल्लीला परंपरेत गोठलेली म्हणणाऱ्यांना मनोरथाची चित्रं दाखवावीत. पैसे देऊन विशेष भोग लावणाऱ्या शेठाला त्या प्रसंगाची आठवण हवी असे. कॅमेरा नवा होता, तेव्हा इथल्या चित्रकारांनी सरळ शेठ-शेठाणीच्या फोटोतले चेहरे कापले, श्रीजींच्या दोन्ही बाजूंना चिकटवले आणि खाली धोतर, साडी, जोडलेले हात रंगवले. घासीराम हरदेव शर्मा (1868–1930) हे मंदिराचे मुख्य चित्रकार छायाचित्रणही करत. नरोत्तम नारायण शर्मांची चित्रं 1920च्या दशकाच्या अखेरीस कराचीच्या बृजबासी प्रकाशकांनी जर्मनीत छापून घेतली आणि बाळकृष्णाचा तो गुबगुबीत, गुलाबी गालांचा चेहरा देशभर गेला. आमच्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वतीशेजारी भिंतीवर टांगलेला मुरलीधर बहुधा या गल्लीचा असे.

म्हणजे यंत्राने गल्ली मेली नाही, यंत्र वापरून ती पसरली. मग आत्ताची काळजी का? कारण त्या वेळी छापलं जात होतं ते श्रीजींचं चित्र होतं. आज मागणी आहे ती कमळांची. हॉटेलांच्या लॉबीत, दागिन्यांच्या दुकानांत, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या सोफ्यामागे गडद तळं, गुलाबी कमळं आणि मेंदीच्या पंज्यांच्या पांढऱ्या गायी. मधली आकृती गाळून. कापडावर डिजिटल छपाई करायची, वर दोन-चार सोनेरी फटकारे हाताने मारायचे, की ते ‘हँडपेंटेड’. चहाच्या पाण्यात भिजवलं की ‘अँटिक’. 2023मध्ये नाथद्वारा पिछवाईला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कोण वापरू शकेल हे ठरवतं. पण रंग खनिजाचा की ट्यूबमधला, हे दुकानातल्या गिऱ्हाइकाला मानांकनाच्या चिकटपट्टीवरून कळत नाही, आणि किंमत ऐकल्यावर त्याला कळून घ्यायचंही नसतं.

गावाचं वेळापत्रकही सैल होतंय. गणेश टेकरीवर 369 फुटांचा शिव बसलाय, 2022मध्ये त्याचं लोकार्पण झालं. ‘विश्वास स्वरूपम्’. तो खालच्या गावातूनही दिसतो आणि महामार्गावरूनही. त्याच्या पोटात लिफ्ट आहे. तिथे येणारा माणूस गाडीने येतो, फोटो काढतो, पुदिन्याचा चहा पितो, जमलं तर हवेलीत डोकावतो. शिवावर माझा राग नाही, चहा तर उत्तमच असतो. पण हा पाहुणा दर्शनाच्या मध्ये ताटकळत नाही, आणि ताटकळणाऱ्या माणसावरच तर ही गल्ली जगत आली. वाट बघायची म्हणून तो ओसरीवर टेकायचा, टेकला की विचारायचा, हे काय काढताय?

मी बसलो असतानाच जयपूरहून एका इंटिरियर डिझायनरचा फोन आला. सहा फूट बाय चार, कमळं आणि गायी, श्रीनाथजी नकोत. टांगायची जागा डायनिंगच्या भिंतीवर, तिथे सामिष जेवण असतं, म्हणून. चित्रकारांनी होकार दिला. मी जरा चकितच झालो. ते हसले. ‘श्रीजी नसले की डोळ्यांचं काम वाचतं, महिनाभर आधी देता येतं. पैसे तेवढेच.’ मुलगा आतून टेप घेऊन आला आणि वडिलांच्या हातातला फोन घेत पलीकडच्याला विचारू लागला, टेबलाची उंची किती, गायीची शिंगं खुर्चीच्या पाठीमागे झाकली तर चालतील का.