लोकलचा प्रवास वाचला, अभ्यासाचे काय?

कल्याणहून गाडी कर्जतच्या दिशेने वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके लागतात. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यातले बदलापूर तर दहा वर्षांत ९८ हजारांवरून इथवर पोहोचले. परवडणारे घर शोधत माणसे इकडे आली. उच्च शिक्षणाची सोय मात्र त्या वेगाने आली नाही. उल्हासनगरचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५पासून आहे, पुढे आणखी महाविद्यालये निघाली, तरी थोडा वेगळा विषय घ्यायचा म्हटला की अनेकांना ठाणे-मुंबई गाठावी लागते. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात आणि पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की गाडीचाही भरवसा नसतो. ऑनलाइन शिक्षणाचा फायदा कुणाला व्हायला हवा, तर या पट्ट्यातल्या मुलामुलींना. तो होऊ शकतो, अशी माझी खात्री आहे. पण प्रवास वाचला म्हणून शिक्षक आणि अभ्यासाची जागाही वाचवता येईल, हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत याच मुलांना मोजावी लागेल.

कागदोपत्री दारे आता उघडी आहेत. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३पासून अभियांत्रिकीची व्याख्याने देतो आहे. केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा ‘स्वयं’ मंच २०१७मध्ये सुरू झाला. २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून घेऊ देऊ शकते आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. सप्टेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या असल्याचे स्पष्ट केले. व्याख्यान फुकट, पदवीला मान्यता; मग अडते कुठे?

अडते ते नाव नोंदवल्यानंतर. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्स मंचावर चालवलेल्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी एमआयटीच्या दोन संशोधकांनी २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८मध्ये तो पूर्ण करणारे होते सुमारे तीन टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या घरात होते, म्हणजे ज्यांनी पक्का निश्चय करून खिशात हात घातला, त्यांच्यातलेही निम्म्याहून अधिक गळाले. शिकवणारे जगातले नामांकित प्राध्यापक होते, तेव्हा दोष व्याख्यानाच्या दर्जावर ढकलता येत नाही. पडद्यावरचा शिक्षक कितीही उत्तम असला तरी ‘गेल्या आठवड्याचा स्वाध्याय का दिला नाहीस’ असे तो विचारत नाही, आणि पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे विचारणारे दुसरे कुणी नसते.

त्यात घराचा प्रश्न आहे. एका खोलीत चार-पाच माणसे, टीव्ही, धाकटी भावंडे आणि दोन-तीन तास टेबलावर पसरायला वही. हे जमवायचे कसे? हातात मोबाइल आहे, डेटा स्वस्त आहे, हे खरे. पण मोबाइलवर पाहता येते. लांब उत्तर लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे किंवा प्रोग्रॅम तयार करणे अवघड जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत देशाच्या शहरी भागातही संगणक असलेली घरे एक-चतुर्थांशापेक्षा कमी निघाली होती.

यावरचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही, ते महाराष्ट्रानेच शोधले आहे. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्यासमोर हाच प्रश्न होता: नोकरी, शेती, संसार सांभाळणाऱ्या माणसाला वर्गाशिवाय शिकवायचे कसे? स्वतः वाचून समजेल असे मराठी पाठ्यपुस्तक हा उत्तराचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे गावोगावच्या महाविद्यालयांत उघडलेली अभ्यासकेंद्रे आणि तिथली संपर्कसत्रे. पुढे २००१मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन उभी राहिली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम एक कोटीहून अधिक लोकांनी केला. सरकारी नोकरीची अट हे त्यामागचे एक मोठे कारण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही धडा संगणकावर असूनही तो पार पडला नाक्यावरच्या केंद्रात, ठरलेल्या वेळेला, शेजारी बसलेल्या दुसऱ्या शिकाऊ माणसाच्या सोबतीने. ऑनलाइन मंचांची चर्चा होते तेव्हा हा घरचा अनुभव क्वचितच कुणाला आठवतो, याची खंत वाटते.

करोनाकाळात सगळे घरूनच झाले की, असा एक आक्षेप येतो. मार्च २०२०मध्ये लोकल सामान्यांसाठी थांबल्या, राज्यातली महाविद्यालये दीर्घकाळ बंद राहिली आणि मधल्या काळात ऑनलाइन वर्गांनी वर्ष वाचवले, हे मान्यच करायला हवे. पण ती आपत्तीतली सोय होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारखान्यात पाळीत काम करणारा मुलगा किंवा लहान मूल असलेली बाई केंद्रात येणार कधी? त्यांच्यासाठी व्याख्यान रात्री अकराला पाहण्याची मुभा राहायलाच हवी. केंद्र हजेरी घेण्यासाठी नको, आठवड्यातून एकदा अडलेले विचारण्यासाठी हवे. ते काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील, असेही सांगितले जाते. तुर्कस्तानातल्या एका शाळेत झालेल्या मोठ्या प्रयोगात मात्र चॅटबॉट वापरून सराव करणाऱ्या मुलांची गणिते सरावात भराभर सुटली, पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ती मुले इतरांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर थेट न देता फक्त इशारा देणाऱ्या चॅटबॉटने हे नुकसान बहुतांशी टळले. याचा अर्थ साधन टाकाऊ नाही. ते कसे वापरायचे हे कुणीतरी जाणत्याने ठरवावे लागते.

खर्चाचा मुद्दा उरतो. नव्या इमारतीची गरज नाही. महाविद्यालयांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, नगरपालिकांच्या अभ्यासिका चालवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. सहा ते नऊ उघडी राहणारी एक खोली, दहा-बारा संगणक, ‘स्वयं’चा विषय घेतलेल्या तीसेक विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, आणि त्या शिक्षकाचे हे तास त्याच्या कार्यभारात धरले जाणे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण वेतनाबाहेरचे काम पहिल्या सत्रानंतर बंद पडते. आणि खोली स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवी. नोकरी करून सातच्या लोकलने बदलापूरला उतरणारी मुलगी पुन्हा रिक्षाला पैसे घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणार नाही.