सातबाऱ्यावरचा माळढोक

ताडोब्याच्या बफरमधल्या गावांना प्रवेशशुल्कातून काय मिळतं, तो हिशेब या आठवड्यात मांडायचा होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण मागचा लेख वाचून सोलापूरकडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी हातावेगळा करायला हवा. जिथे जंगल नाही, जमीन बहुतेक शेतकऱ्यांच्याच नावावर आहे, तिथे 'लोकसहभाग' म्हणजे नेमकं काय करायचं? प्रश्नाचा रोख उघडच नान्नजच्या माळढोक अभयारण्यावर आहे. वन्यजीव संरक्षणाच्या सगळ्या चर्चेत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वाघाच्या जंगलात लोकांना वगळून निदान काही वर्षं तरी कारभार रेटता येतो. माळावर तेवढंही जमत नाही.

माळढोकाचं अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र होतं 8,496 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावं, बाजारपेठा, ज्वारीची शिवारं सगळी आत आली. वनविभागाच्या ताब्यातली जमीन त्यात थोडी, तीही तुकड्यातुकड्यांत. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 20 असं सांगतं की अधिसूचना निघाल्यावर त्या क्षेत्रातल्या जमिनीत वारसा किंवा मृत्युपत्राखेरीज कोणालाही नवा हक्क मिळवता येणार नाही. तरतूद चुकीची नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांनी हक्कांची चौकशी करायची, दावे निकाली काढायचे आणि तोवर नवे दावेदार उभे राहू नयेत, एवढाच तिचा हेतू. पण चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली आणि तात्पुरती बंदी पिढीभर मुक्कामाला राहिली. विहिरीच्या कर्जापायी एकरभर रान विकायला निघालेल्या माणसाचं खरेदीखत ज्या पक्ष्याच्या नावाने अडतं, त्या पक्ष्याला तो बांधावर दाणा टिपताना कोणत्या नजरेने पाहील? क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं ते थेट 2012 साली, सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनंतर. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली होती.

यावर ठरलेला आक्षेप येतो: माळढोक कायद्याने गेला नाही, उसाने गेला. उजनीचं पाणी आलं, बोअर खोल गेले, ज्वारी-करडई-भुईमुगाच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हे खरंच आहे. माळढोकाची मादी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, चारी बाजूंना नजर पोचेल अशा जागी, आणि जवळपास महिनाभर त्यावर बसते. पुरुषभर उंच उसाच्या फडात तिला जागाच उरत नाही. पण हाच पुरावा मी माझ्या बाजूने मांडतो. कायद्याने जमिनीची विक्री अडवली, पीक बदलणं मात्र अडवलं नाही. आपल्याच रानात ऊस लावायला शेतकरी मोकळा होता. माळढोकाला ज्वारीचं रान, पडीक गवताळ पट्टा आणि वीण चालू असताना शांतता हवी होती, आणि यातली एकही गोष्ट शेतकऱ्याशी करार केल्याशिवाय मिळणारी नव्हती. उलट वनविभागाच्या ताब्यातल्या माळावरही गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. उघड्या माळाचा पक्षी झाडोऱ्यात उतरत नाही, हे त्या माळावर मेंढरं चारणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मध्य प्रदेशातल्या करेरा अभयारण्याला याच वाटेने जाताना आपण पाहिलं आहे. तिथेही खाजगी जमिनी, तिथेही अडलेले व्यवहार आणि धुमसता राग. तिथला माळढोक 1990 च्या दशकात दिसेनासा झाला आणि पुढे अभयारण्याचा दर्जाही गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बंधन नसतं तर तेवढाही माळ प्लॉटिंगमध्ये आणि कारखान्यांत गेला असता, असं म्हणतात. बंधन हवंच, मीही तेच म्हणतो. फक्त ते कोणी घालायचं, एवढाच मुद्दा आहे. 2002 च्या दुरुस्तीने कायद्यात 36-क आणि 36-ड ही कलमं आली. खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालक स्वतः पुढे आले तर, 'समुदाय राखीव क्षेत्र' करता येतं. व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीने नेमलेले प्रतिनिधी आणि वनविभागाचा माणूस. समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. बंधन म्हणून हे कलम 20 पेक्षा कडक आहे, कारण ते थेट वापरावर बोट ठेवतं. त्याच्या जोडीला ज्वारी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला उसाच्या उत्पन्नातला फरक रोख मिळण्याची सोय हवी होती. ती कायद्यात नाही, आणि माझ्या मते हीच त्याची मोठी उणीव आहे.

खाजगी रानात मोठा पक्षी टिकू शकतो याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गोंदियातला सारस शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नाहीतर त्याच्या खाजगी बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, घरटं करतो. घरट्यासाठी तो धानाचा गोल तुकडा मोडून आडवा करतो. घरट्यात बहुधा दोन अंडी असतात. धानाचं ते नुकसान डोळ्यांदेखत होत असूनही कित्येक शेतकऱ्यांनी ती घरटी राखली, कारण गावातलेच सारसमित्र त्यांच्याशी बोलायला बांधावर जात राहिले. त्या बांध्यांच्या विक्रीवर कोणी बंदी घातलेली नाही. सारसांची संख्या तिथेही डझनांतच मोजावी लागते, विजेच्या तारा आणि कीटकनाशकं त्यांना मारतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला 2021 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या हातात तार नाही की औषधाचा कारखाना नाही. त्याच्या हातात घरट्याभोवतीचा चार हात धान आहे आणि तो त्याने सोडला. नान्नजच्या शेतकऱ्याकडे असं काही मागायला 1979 मध्ये कोणी गेलंच नव्हतं. ताडोब्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.