रायफलीच्या नळीतला तांब्याचा थर

लष्करी रायफलींची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात. अशा गोळ्यांवर सामान्यतः तांबे व थोडे जस्त यांच्या मिश्रधातूचे कवच असते. गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीत कोरलेल्या सर्पिल खाचांना ते घासत जाते आणि त्याचा अंश पोलादावर चिकटून साचत गेला, की नेम बिघडू लागतो.

दारूची काजळी तेलाने व ब्रशने बरीचशी निघते, तांबे मात्र निघत नाही. त्यासाठी अमोनियायुक्त द्रावक लागतो. रिकाम्या नळीत, शक्यतो मागच्या बाजूने, द्रावकात भिजवलेली चिंदी गजाने सरकवून काही मिनिटांनी कोरडी चिंदी फिरवली, तर ती निळी होऊन बाहेर येते, कारण अमोनिया तांब्याशी मिळून गडद निळे संयुग बनवतो. ब्रश नायलॉनचाच बरा, कारण कांस्याच्या तारांतले तांबे विरघळून खोटी निळाई दाखवते.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातली गोळी कवचाविना शिशाची असते, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

निळाई थांबल्यावर द्रावक पूर्ण पुसून नळीला तेलाचा हलका हात द्यावा. अमोनिया आत रेंगाळणे पोलादाला घातक ठरू शकते.