खुंट बदलला, पाणी तेच

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे नवी द्राक्षबाग लावायची म्हटलं की आधी डॉगरिजचा खुंट रुजवतात आणि पावसाळा सरताना त्यावर थॉमसन किंवा सोनाकाची काडी पाचर कलमाने बांधतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात अमेरिकी खुंट आले ते मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीपायी. महाराष्ट्रात त्यांना आणलं ते पाण्याच्या टंचाईने आणि क्षारांनी. टेक्सासच्या रानद्राक्षांच्या कुळातला डॉगरिज कोरड्यात तगतो, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘मुळी सोसेल, पाणी कसलंही चालेल’ असा समज पसरला आहे आणि तो बागांना महागात पडतो.

कोरड आणि खार या दोन्हींत मुळी सारखं वागत नाही. माती सुकू लागली की वेलीत ॲब्सिसिक आम्ल वाढतं, पानांची रंध्रं मिटतात, शेंड्याची वाढ थांबते. मुळीचं टोक मात्र बराच काळ वाढत राहतं आणि ओलीच्या दिशेला वळतं. जुन्या मुळ्यांवर मेणचट सुबेरिनचा थर जाड होतो, म्हणून आतलं पाणी बाहेर झिरपत नाही. कोरडीवर मुळीकडे असा वाट काढण्याचा उपाय असतो. क्षारांत तो तोकडा पडतो. माती ओली असूनही मिठामुळे पाणी मुळीत शिरत नाही, हा पहिला फटका. नंतर सोडियम आणि क्लोराईड आत शिरून पोटॅशची जागा अडवतात आणि पानांच्या कडा करपतात. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (विद्युतवाहकता) १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचं उत्पादन घटू लागतं, पुढच्या दर एककाला साधारण ९.६ टक्क्यांनी, असं क्षारसहनशीलतेचे प्रचलित तक्ते सांगतात. आता हिशेब बघा: १ ईसीच्या एक लाख लिटर पाण्यातून सुमारे ६४ किलो क्षार बागेत येतात. पाणी पानांतून उडून जातं, क्षार बहुतांशी बोदातच राहतात, आणि ठिबकखाली ओलाव्याच्या कडेला त्यांची पांढरी रेघ उमटते.

मग आणखी चिवट खुंट घ्यावा, असं कुणी म्हणेल. ११० आर सारखे पर्याय आहेत आणि ते जरूर तपासावेत. पण मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या अभ्यासांत खुद्द डॉगरिजवरच्या थॉमसनच्या पानांत सोडियम साठल्याचं आणि पोटॅश कमी पडल्याचं दिसलं आहे. जोमदार खुंट जास्त पाणी ओढतो, आणि पाण्याबरोबर त्यातलं मीठही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: प्यायलाच पाणी नाही, तिथे क्षार धुवायला कुठून आणायचं? उन्हाळ्यात ते मागूच नये. धुण्याचं काम पावसाचं आहे, पण काळ्या, चोपण जमिनीत चर नसेल तर तो पाऊसही मुळांशीच तुंबतो. म्हणून खुंटावर खर्च करण्याआधी निचऱ्यावर खर्च करावा. उन्हाळ्यात बोदावर पाचट अंथरलं तर बाष्पीभवन कमी होतं आणि खालचे क्षार वर चढत नाहीत. मातीतला सोडियम हटवायला कॅल्शियम लागतो; चुनखडीच्या रानात तो मुळातच असतो, तो मोकळा करायला जिप्समपेक्षा गंधक कामी येतं. कुठे काय टाकायचं हे मात्र माती, पाणी आणि देठ यांच्या परीक्षणावरूनच ठरवावं. त्यातही विहिरीच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यानंतर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा द्यावा, कारण पातळी खाली गेली की त्याच विहिरीचं पाणी बहुधा अधिक खारं होतं.