मांजराच्या हनुवटीवरील काळे ठिपके : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

मांजर स्वतःच्या स्वच्छतेबाबत अत्यंत दक्ष असते. जिभेने अंग चाटून ते आपली कातडी निर्मळ राखते. परंतु हनुवटीपर्यंत त्याची जीभ पोहोचत नाही. तेथे मिरपुडीसारखे काळे कण दिसू लागले की पुष्कळ घरांत ती धूळ समजली जाते. झटकूनही ते जात नाहीत, तेव्हा हळद, खोबरेल तेल किंवा घरातील जंतुनाशक, जे हाती येईल ते लावले जाते. वस्तुतः हे मांजराला येणारे मुरूम असतात. विकार बहुधा किरकोळ असतो. त्यावरील चुकीचा उपाय मात्र मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

विकाराचे स्वरूप

हनुवटीच्या त्वचेत तैलग्रंथींची दाटी असते. दाराच्या चौकटीला किंवा माणसाच्या पायाला मांजर हनुवटी घासते, ते याच ग्रंथींचा गंध तेथे उमटविण्यासाठी. हा तेलकट स्राव आणि त्वचेच्या मृत पेशी केसांच्या मुळाशी साचल्या की छिद्र बुजते आणि काळा ठिपका दिसतो. पुढे जिवाणूंचा शिरकाव झाला, तर हनुवटी लाल होते, सुजते, केस गळतात, पू किंवा रक्त येते आणि स्पर्शही मांजराला सहन होत नाही.

नर असो वा मादी, कोणत्याही वयात आणि कोणत्याही जातीच्या मांजरास हा विकार होऊ शकतो. काहींना तो एकदाच होतो, काहींना वारंवार. त्याचे एकच निश्चित कारण सांगता येत नाही. तेलकट त्वचा, अपुरी स्वच्छता, ताण, ॲलर्जी अशी अनेक कारणे संभवतात. प्लास्टिकच्या भांड्याकडेही संशयाने पाहिले जाते. कारण त्यावर पडलेल्या बारीक ओरखड्यांत अन्नाचा अंश आणि जिवाणू टिकून राहतात.

आधी ओळख, मग उपाय

प्रत्येक काळा कण म्हणजे मुरूम नव्हे. पिसवांची विष्ठाही अशीच दिसते. ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. तांबूस डाग उमटला, तर त्या पिसवा समजाव्यात, कारण त्यांच्या विष्ठेत पचलेले रक्त असते. याहून महत्त्वाचा भेद नायट्याचा. मुरूम माणसाला लागत नाहीत. नायटा ही बुरशी असून ती मांजराकडून घरातील माणसांना, विशेषतः लहान मुलांना, होऊ शकते. त्वचेतील सूक्ष्म कीटक, दाताच्या मुळाशी झालेले गळू किंवा क्वचित गाठ, यांमुळेही हनुवटी बिघडते. म्हणून केस गळून चट्टा पडला असेल किंवा सूज असेल, तर पशुवैद्याकडून त्वचेचा नमुना तपासून घेणे आवश्यक ठरते.

उपचार

केवळ ठिपके असतील, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कापड दिवसातून दोन वेळा काही मिनिटे हनुवटीवर हलकेच धरावा. घासू नये आणि ठिपके नखाने कधीही पिळू नयेत. पिळल्याने जंतुसंसर्ग त्वचेत खोलवर जातो. पशुवैद्य बहुधा सौम्य क्लोरहेक्सिडीनने पुसण्यास सांगतात. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. बेन्झॉईल पेरॉक्साईडही दिले जाते, पण अल्प प्रमाणात. माणसांच्या मलमांत ते १० टक्क्यांपर्यंत असू शकते. तेवढ्याने मांजराची त्वचा भाजल्यासारखी होते. संसर्ग वाढला असल्यास प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम द्यावा लागतो. वरून बरे दिसले म्हणून तो अर्ध्यावर सोडू नये.

काही पदार्थ मात्र कटाक्षाने टाळावेत. माणसांना चालणारी कित्येक द्रव्ये मांजराचे यकृत निष्प्रभ करू शकत नाही. फिनाईल आणि तत्सम जंतुनाशके तसेच टी-ट्री तेल त्याला विषारी ठरतात. हनुवटीला लावलेले औषध पंजाला लागते आणि पंजा चाटताना पोटात जाते, हे ध्यानात ठेवावे. वेदना कमी व्हावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. खोबरेल तेल विषारी नसले, तरी आधीच तेलकट असलेल्या जागी ते लावून लाभ नाही.

प्रतिबंध

प्लास्टिकचे भांडे बदलून स्टीलची उथळ ताटली, काचेची किंवा चिनी मातीची बशी ठेवावी. अन्नाचे आणि पाण्याचे भांडे रोज साबणाने घासून, नीट विसळून, कोरडे करावे. ओले अन्न खाल्ल्यावर हनुवटी ओलसर कापडाने पुसून कोरडी करावी. मांजराचे अंथरूण नियमित धुवावे. वारंवार मुरूम येणाऱ्या मांजराची हनुवटी आठवड्यातून एकदा उजेडात पाहावी.

हा विकार पुष्कळदा कायमचा जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. एवढी काळजी घेऊनही दोन-तीन आठवड्यांत ठिपके कमी झाले नाहीत, तर मांजर पशुवैद्याला दाखवावे. सूज, पू, रक्त दिसले किंवा मांजराने खाणे टाळले, तर मात्र तेवढीही वाट पाहू नये.