चाकांवरचं बिऱ्हाड – भाग ६ : शंभर लिटर पाणी आणि दुपारी चारची आंघोळ

ट्रेलर घेऊन फिरायला निघायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं झोपायचं काय ते नंतर विचारतात, आधी आंघोळीचं विचारतात. पारोशानं चहा चालतो, फार तर नाश्ता. त्यापुढे नाही. म्हणून ट्रेलर बांधणारे बहुतेक जण सरळ गीझरच्या दुकानात शिरतात. माझं म्हणणं, आधी घड्याळ बघा. गरम पाणी सकाळी सहाला हवं असेल तर महाग पडतं, दुपारी चारला हवं असेल तर जवळजवळ फुकट मिळतं. हा हिशेब भामरागडच्या वाटेवर मांडू, कारण पाणी, वजन, ऊन आणि डास या चौघांशीही तिथे एकदमच गाठ पडते.

वाट बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली अशी. पुढे पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा, आणि पर्लकोटा ओलांडली की भामरागड. पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इथे इंद्रावतीला मिळतात, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याच्या गावाचा संपर्क तुटतो, त्यामुळे त्या दिवसांत ट्रेलर नेण्याचा विचारही करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, एवढाच आपला हंगाम. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा वीज नव्हती, नळही नव्हता. आज दोन्ही आहे, पण ट्रेलरला वायर आणि पाइप जोडायची आयती सोय मिळेल असं गृहीत धरून कुणी निघू नये. मुक्काम वस्तीजवळ करावा, जागेच्या मालकाला विचारून आणि पोलीस ठाण्यात कळवून. जंगलात वाटेल तिथे ट्रेलर उभा करायचा नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तर नाहीच.

आता टाकी. दोन माणसांना पिण्या-शिजवण्याला रोजचे दहा लिटर, भांडी आणि हात-तोंड धुवायला आठ, आणि आंघोळीला माणशी आठ म्हणजे सोळा. झाले चौतीस. तीन दिवसांचे शंभराच्या आसपास. आठ लिटरमध्ये आंघोळ होते का, असं शहरातला माणूस विचारील. घरच्या शॉवरखाली मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं आणि साबण लावतानाही ते वाहतच असतं. अंगठ्यानं दाबून चालू-बंद करायचा हँड-शॉवर असेल तर आठ लिटर पुरून उरतात. तांब्यानं आंघोळ करणाऱ्याला हे सांगायला नको.

शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि खरी गोम इथे आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार गाडीच्या हुकावर पडायला हवा. जागा मोकळी दिसते म्हणून टाकी मागच्या टोकाला बसवली, तर ती अ‍ॅक्सलच्या मागे वजन टाकते, हुक हलका होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो. म्हणून टाकी अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, आणि जितकी खाली बसेल तितकी खाली. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते. वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी सावरेपर्यंत उलटं येतं. आत आडव्या पाट्या असलेली टाकी मिळाली तर हे कमी होतं.

मी स्वतः एका मोठ्या टाकीपेक्षा वीस-वीस लिटरचे पाच कॅन पट्ट्यांनी आवळून बसवणं पसंत करतो. कॅन एक तर भरलेला असतो नाही तर रिकामा, त्यामुळे पाणी हिंदकळत नाही. एक फुटला तर चार उरतात. आणि आलापल्लीच्या पुढे हे महत्त्वाचं की कॅन उचलून पाण्यापर्यंत नेता येतो; ट्रेलर हातपंपाच्या ओट्यापर्यंत जात नाही. कॅन खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकचे घ्या आणि गडद रंगाचे घ्या. पांढऱ्या, अर्धपारदर्शक कॅनमध्ये उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं. मोसमाच्या सुरुवातीला शंभर लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी वाटीभर पाण्यात कालवून, वरचं नितळ पाणी घालावं, रात्रभर ठेवून ओतून द्यावं आणि दोनदा खळबळून घ्यावं. एवढं केलं की नव्या प्लास्टिकचा वासही बराच जातो.

पंपाबद्दल फार लिहीत नाही. बारा व्होल्टचा, आपोआप बंद होणारा डायफ्रॅम पंप सगळीकडे मिळतो. त्याच्या आधी बारीक जाळीची गाळणी हवी, नाही तर वाळूचा एक कण त्याचा पडदा अडवतो. पण विदर्भात याहून सोपी वस्तू शेतकी दुकानात टांगलेली असते: पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप. त्याचा नोझल काढून बारीक झारी लावली की मिनिटाला दोन-तीन लिटरचा छान शॉवर होतो, आणि सोळा लिटर म्हणजे बरोब्बर दोघांची आंघोळ. मात्र पंप कोरा करकरीत हवा. कुणाच्या शेतावरचा, धुऊन घेतलेला मुळीच नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आठवावं. ही औषधं कातडीतूनही शरीरात जातात.

पाणी भरायचं कुठे? आलापल्लीत, निघतानाच. गावच्या हातपंपाला मिनिटाला चाळीसेक वेळा दांडा मारला तर साधारण बारा लिटर पाणी येतं. म्हणजे शंभर लिटरला आठ-नऊ मिनिटं, आणि तेवढा वेळ बाया हंडे घेऊन उभ्या. अगदी लागलंच तर विचारून एक कॅन भरावा. उन्हाळ्यात तोही मागू नये.

आता ऊब. डिसेंबरमधल्या सकाळी कॅनमधलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं, अंगावर घ्यायला चाळीस अंश लागतात. सोळा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं म्हणजे चारशे किलोकॅलरी, विजेच्या भाषेत जवळपास अर्धं युनिट. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत एकूण सव्वा युनिटही नसतं, आणि शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली नेऊ नये असा दंडक आहे. म्हणजे दोन आंघोळींत बॅटरी संपली. रात्रीचा दिवा, पंखा, मोबाईल सगळं बसलं. विजेवरच्या गरम पाण्याचा नाद इथेच सोडावा.

गॅसला हेच काम साठ-सत्तर ग्रॅममध्ये जमतं, त्यामुळे मोह होणारच. पण ट्रेलरच्या आतल्या कोनाड्यात गॅस गीझर बसवू नका, खिडकी ठेवली तरी नको. बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात येतात, आणि ट्रेलरची न्हाणी घरातल्या न्हाणीच्या पावपट असते. त्या वायूला वास नाही, रंग नाही. गॅसच वापरायचा तर बाहेर, उघड्यावर शेगडी आणि तिच्यावर पातेलं. इंजिनाच्या गरम पाण्यावर आंघोळीचं पाणी तापवायची यंत्रणाही मिळते. चालून आलेलं इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर असतं, त्यामुळे मुक्कामाला पोचल्या पोचल्या ती उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीचं इंजिन आंघोळीसाठी सुरू करणं म्हणजे डिझेलनं पाणी तापवणं.

राहिलं ऊन. प्लंबिंगच्या दुकानातून ११० मिलिमीटरचा दोन मीटर पाइप घ्या, दोन्ही टोकांना टोप्या, एकीला खाली तोटी, दुसरीला वर भरायचं तोंड. बाहेरून चकचकीत नाही, अगदी काजळी काळा रंग द्या. यात सतरा लिटर मावतात. टपावर तो पूर्व-पश्चिम आडवा ठेवायचा. डिसेंबरात भामरागडला भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे सत्तेचाळीस अंशांवरच राहतो. पाइप पूर्व-पश्चिम असला तर त्याची सगळी लांबी उन्हाला मिळते. खाली चकचकीत पत्रा आणि वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण घातलं तर वाऱ्यानं ऊब जात नाही. सकाळी दहाला भरलेलं वीस अंशांचं पाणी स्वच्छ उन्हात तीन-साडेतीनपर्यंत चाळिशीला येतं. विसण घालायची गरज नाही, टपावरून आपोआप खाली येतं. तोंडाच्या टोपीला एक भोक मात्र ठेवाच. घट्ट बंद पाइपात तापलेलं पाणी दाब वाढवतं, आणि गरम झालेलं पीव्हीसी मऊ पडतं.

सूर्य मावळला की तासाभरात ही ऊब ओसरते. ती सकाळपर्यंत धरून ठेवायला टाकीला जाड गादी, दुहेरी भिंत, असला सगळा खटाटोप लागतो. चारला आंघोळ केली तर यातलं काही लागत नाही. आणि भामरागडात चारच्या आंघोळीला दुसरंही कारण आहे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे, त्यातही फाल्सिपेरम जातीचा मलेरिया जास्त. मलेरियाचा डास दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणजे अंधारात, ओल्या उघड्या अंगानं ट्रेलरमागे उभं राहणं हीच सगळ्यात वाईट वेळ. चारला आंघोळ, पाचला पूर्ण बाह्यांचे कपडे, सातला मच्छरदाणी.

हाच डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून कॅनच्या आणि पाइपाच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी हवी. पाइपात उरलेलं कोमट पाणी रात्री ठेवू नये. त्यात जंतू वाढतात. ते भांड्यांना वापरून टाकावं, आणि पाइपातलं पाणी पिण्याला कधीच घेऊ नये.

आजोबा सोबत असतील आणि सकाळचीच आंघोळ हवी असेल, तर बंब आहे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, त्यामुळे पातेल्यासारखी ऊब बाजूनं निसटत नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे बंब अजून मिळतात. ट्रेलरमध्ये तो नेताना राखेचा डबा बरोबर घ्यावा, बंब मोकळ्या जमिनीवर पेटवावा, आणि सरपण विकत आणावं. पडलेलं लाकूड असलं तरी ते जंगलातून उचलायचं नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर सागाची पानं वाळून रस्ताभर पसरतात आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. तेव्हापासून बंब घरीच. तोवर पाणी तसंही आपोआप तापायला लागलेलं असतं.

शेवटी सांडपाणी, ज्याचा विचार सगळे सगळ्यात शेवटी करतात. साबणाचं पाणी नदीत नाही, नदीकाठच्या वाळूतही नाही. गावातली माणसं वाळूत झरा खणून पिण्याचं पाणी घेतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, त्याचंच छोटं रूप इथे पुरतं. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, हातभर खोल खड्डा, तळाला गोटे, वर बारीक खडी. दोघांचं सोळा लिटर पाणी तो अंधार पडायच्या आत जिरवतो. निघताना खडी काढून घ्यावी आणि माती लोटावी.

पुढच्या आठवड्यात : सिलिंडर कुठे बांधायचा आणि शेगडी वाऱ्यापासून कशी वाचवायची.