कामापुरते संभाजीनगर, आणि उरलेल्या वेळातले वेरूळ

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरात कामानिमित्त येणाऱ्यांची वर्दळ बारा महिने असते. कुणी मशीन बसवायला येतो, कुणी ऑडिटला, कुणी खंडपीठातल्या तारखेला. यातली बरीच मंडळी पुनःपुन्हा येऊनही वेरूळ न पाहताच परत जातात. वेळच मिळाला नाही, असे सांगतात. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. दुपारी दोनला काम आटोपते आणि गाडी रात्रीची असते, किंवा सकाळी दहापर्यंत कुणी बोलावलेले नसते. हातात तुकडा केवढा आहे आणि वार कोणता, एवढे आधी पाहिले तर यातल्या प्रत्येक तुकड्यात काही ना काही बसते.

आधी वार बघा

अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. कामाचे दौरे बहुधा आठवड्याच्या सुरुवातीलाच लागतात, त्यामुळे नेमकी हीच अडचण होते. पण दोन्हींची सुट्टी एका दिवशी नाही, ही जमेची बाजू. सोमवारची दुपार रिकामी असेल तर वेरूळला जा. मंगळवार अख्खा मोकळा असेल तर अजिंठा गाठा. दौऱ्याची तारीख ठरवणे तुमच्या हातात असेल, तर बुधवार ते शुक्रवार मागून घ्या.

दुपार मोकळी मिळाली तर

अशा वेळी दुसरा विचार न करता वेरूळ. शहरापासून अंतर सुमारे तीस किलोमीटर, गाडीने तासाभराचे. काम वाळूजला असेल तर शहरात शिरायचीही गरज नाही, नगर नाक्यावरून छावणी, पडेगाव करत दौलताबादचा रस्ता धरता येतो. शेंद्र्याहून निघणाऱ्याला मात्र अख्खे शहर ओलांडावे लागते, त्याने अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरावा.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून दुपारनंतरचा उजेड थेट आत येतो. सकाळी सहलीच्या बसमधून येणाऱ्यापेक्षा तीन वाजता पोहोचणाऱ्या कामकरी माणसाच्या वाट्याला अधिक चांगले वेरूळ येते. लेणी सूर्यास्ताला बंद होतात, हे लक्षात ठेवून हिवाळ्यात थोडे लवकर निघा.

एकूण लेणी चौतीस. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी पाहण्याचा हट्ट केला तर एकही नीट पाहून होत नाही. माझ्या मते तीन पुरेत. पहिले दहावे, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या दगडात कोरल्या आहेत, आणि दर्शनी भागावरच्या गवाक्षातून उतरते ऊन आत झिरपते.

मग सोळावे, कैलास. इथे निदान दीड तास द्या. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे मंदिर मुख्यतः घडले. डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खाली खाली कोरत आणले. वरून छिन्नी चालवणाऱ्याला खालचा खांब, जिना, हत्ती नेमका कुठे येणार हे आधीच ठरवून तेवढा दगड राखावा लागला असणार. एकदा निघालेला दगड परत लावता येत नाही. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळते, आणि म्हणूनच ती त्याने पाहावी असे मला मनापासून वाटते. मंदिराच्या चौथऱ्यावर रावण कैलास हलवतो आहे असे शिल्प आहे, ते चुकवू नका.

उजेड उरला तर बत्तिसावे, इंद्रसभा. जैन लेणी कैलासापासून एक किलोमीटरहून लांब, डोंगराच्या उत्तर टोकाला आहेत, त्यामुळे गाडी तिकडे न्यावी. तिथे गर्दी कमी आणि कोरीवकाम अतिशय नाजूक.

वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो आणि मोह होतो. त्याच दुपारी तो चढू नका. खंदक, अंधारी वाट आणि माथा यांसाठी दोन-तीन तास वेगळेच हवेत.

सकाळचे दोन तास

बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात. सातव्या लेण्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. तेवढ्या एका शिल्पासाठी अलार्म लावावा. उतरताना मकबरा होतो. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिची ही कबर.

फक्त संध्याकाळ हाती असेल तर

जुन्या शहरात पायी फिरा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. तिथून जवळच पाणचक्की. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून जाते फिरवत. पाण्याचा हा जुना हिशेब कारखान्यातल्या माणसाने सवडीने समजून घेण्यासारखा आहे.

मांसाहार चालत असेल तर रात्री जुन्या शहरातच नान-खलिया खा. हॉटेलच्या खोलीत मागवलेल्या ताटात ही चव मिळायची नाही. आणि दिवसभर उभे राहून पाय भरून आले असतील, तर जेवून सरळ झोपा. थकलेल्या डोळ्यांना दरवाजेही नुसते दगड दिसतात.

सामान आणि गाडी

खोली सकाळीच सोडा आणि बॅग हॉटेलच्या काउंटरवर ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्सप्रेस रात्री उशिरा येते, त्यामुळे संध्याकाळ पूर्ण वापरता येते. टॅक्सी ठरवताना थांबण्याचे पैसे धरून भाव बोला, आणि तिचा खर्च कंपनीच्या बिलात घालू नका.

परतीला एक दिवस जोडता आला तर

अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, जळगावच्या रस्त्यावर आहे. बहुतेक जण तिथून मागे फिरतात. मुंबई, नागपूर किंवा भुसावळकडे जायचे असेल, तर फिरू नका. अजिंठ्याहून जळगाव साठ किलोमीटरच्या आसपास, आणि ते मुंबई-हावडा मुख्य मार्गावर असल्याने गाड्या भरपूर. सकाळी सामानासकट टॅक्सीने निघा. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी थांबते आणि पुढे लेण्यांपर्यंत बस नेते. पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे ही चित्रांची लेणी आधी पाहा. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहा, म्हणजे डोळे अंधाराला सरावून भिंतीवरचे रंग दिसू लागतात. फ्लॅश वापरायला मनाई आहे. दुपारी दोनच्या सुमारास फाट्यावर परतलात, तर संध्याकाळची गाडी जळगावला आरामात मिळते.